बागेत चालता आलं तरी खूप

बरेच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. आज लिहायला बसलेय ती चक्क फुटबॉलवर! घरात सांगितल्यावर हशा पिकला. हसा बापडे. ऑफसाइड म्हणजे काय हे मला अजूनही धड सांगता येत नाही, हे आधीच कबूल करून टाकते. पण हे लिखाण खेळाबद्दल कमी आणि एका खेळाडूबद्दल जास्त आहे, तेव्हा चालून जाईल.

सांती काझोर्ला हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं १७ मे २०१४ च्या रात्री. (स्पेनमध्ये उच्चार 'काथोर्ला' असा करतात म्हणे. नातू दर वेळी दुरुस्ती करतो. आपण आपलं काझोर्लाच म्हणूया.) नातू तेव्हा दहा वर्षांचा होता आणि लंडनच्या आर्सेनलचा निस्सीम भक्त. त्या दिवशी एफए कपची फायनल होती, समोर हल सिटी. आर्सेनलला नऊ वर्षांत एकही करंडक मिळालेला नव्हता, आणि पहिल्या आठ मिनिटांतच त्यांच्यावर दोन गोल झाले. आमचे चिरंजीव उशीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागले. मी समजूत काढायला म्हणून तिथे टेकले. तेवढ्यात एका बुटक्याशा खेळाडूने बऱ्याच लांबून फ्री किक मारली आणि चेंडू थेट जाळ्यात! नातू उशी फेकून उभा राहिला. 'आजी, काझोर्ला!!' पुढे आर्सेनलने तो सामना जादा वेळेत ३-२ असा जिंकला. मला त्या माणसाचा गोलपेक्षाही चेहरा लक्षात राहिला. दोन गोलांनी मागे असताना हा मनुष्य हसत होता! वर्गात अशी मुलं असतात... पेपर अवघड गेला तरी बाहेर येताना हसणारी.

तेव्हापासून काझोर्ला आमच्या घरातला झाला. त्याची सगळी कुंडली नातवाने मला तोंडपाठ करून घेतली. (एकेकाळी मी त्याच्याकडून पाढे करून घेत होते. फिरतात दिवस!)

जन्म १३ डिसेंबर १९८४. गाव लुगो दे यानेरा. स्पेनच्या उत्तरेला आस्तुरियास नावाचा हिरवागार, पावसाळी, कोळशाच्या खाणींचा प्रांत आहे, तिथलं हे लहानसं गाव. जवळचं मोठं शहर ओविएदो. तिथल्या रेआल ओविएदो क्लबच्या मुलांच्या संघांत हा वाढला. मोठ्या संघात जायची वेळ आली, आणि नेमका २००३ मध्ये क्लबच बुडायला आला. डोक्यावर कर्ज, खेळाडूंचे पगार थकलेले. मैदानावर हरून संघ तिसऱ्या श्रेणीत उतरलाच होता, पण पगार दिले नाहीत म्हणून त्याला आणखी एक पायरी खाली, चौथ्या श्रेणीत ढकललं गेलं. अठरा वर्षांच्या मुलाला घर सोडून दुसऱ्या टोकाला, भूमध्य समुद्राकडच्या व्हियारेआलला जावं लागलं. ज्या क्लबने घडवलं त्याच्या मोठ्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण चांगल्या दिवसांत सांगण्यासारखं कमीच असतं. व्हियारेआल, मग एक वर्ष उएल्वाच्या रेक्रेआतिव्होकडे, पुन्हा व्हियारेआल. २००८ च्या युरो स्पर्धेत इटलीविरुद्ध पेनल्टींवर निकाल लागायचा होता, तेव्हा दुसरी पेनल्टी या तेवीस वर्षांच्या मुलाने मारली. स्पेनने ती स्पर्धा जिंकली, चव्वेचाळीस वर्षांनी. २०१० च्या विश्वचषकाच्या वेळी मात्र हा दुखापतीमुळे घरी. देश जगज्जेता झाला आणि हा दूरदर्शनसमोर! २०११ मध्ये मालागाने भरपूर पैसे मोजून नेलं, त्या हंगामात मालागा चौथा आला. २०१२ मध्ये आर्सेनल. मधल्या फळीतला खेळाडू, उंची जेमतेम साडेपाच फूट. उजव्या पायाने जेवढं येतं तेवढंच डाव्याने. कॉर्नर कुठल्या बाजूचा आहे ते बघून हा पाय ठरवायचा.

मग १९ ऑक्टोबर २०१६. बल्गेरियाच्या लुडोगोरेट्सविरुद्ध आर्सेनल ६-० ने जिंकलं, आणि काझोर्ला लंगडत बाहेर आला. उजव्या टाचेच्या मागची जाड शीर, अकिलीस टेंडन म्हणतात ती, दुखावली होती. घोट्याचं दुखणं त्याआधी तीन वर्षांपासून होतंच, इंजेक्शनं घेऊन खेळणं चालू होतं. ऑपरेशन झालं. जखम भरेना. पुन्हा ऑपरेशन, टाके उसवायचे, पुन्हा ऑपरेशन. आत जंतुसंसर्ग होता आणि तो कळायला फार उशीर झाला. गँगरीन झालं, पाय जातो की काय अशी वेळ आली. शेवटी २०१७ मध्ये तो मायदेशी, व्हितोरियाच्या डॉ. मिकेल सांचेझ यांच्याकडे गेला. त्यांनी उघडून पाहिलं तर जंतूंनी ती शीर सुमारे आठ सेंटीमीटर खाऊन टाकली होती. त्यांनी ती नव्याने उभी केली. घोट्यावर कातडी उरली नव्हती म्हणून डाव्या हातावरची काढून लावली. त्या हातावर मुलीचं नाव गोंदवलेलं होतं. आता नावाचा थोडा भाग हातावर आणि थोडा पायावर!

या सगळ्याच्या आधी, इंग्लंडमध्ये असताना, त्याला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान मान. हे त्याने स्वतः नंतर मुलाखतीत सांगितलं.

नातवाने हे वाचून दाखवलं तेव्हा तो त्या डॉक्टरांवर भयंकर चिडला होता. मी गप्प बसले. कारण त्या डॉक्टरांचा आवाज मला ओळखीचा वाटला.

नोकरीला लागून दहाएक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गात एक मुलगा होता, गणित आणि इंग्रजीत कायम नापास. बाकी शहाणा, अक्षर सुरेख, कविता म्हणायला उभा राहिला की वर्ग शांत व्हायचा. एकदा शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी घुटमळत म्हणाला, 'बाई, मला डी.एड. करायचंय. मास्तर व्हायचंय.' मी काय म्हणाले? 'अरे, तू दहावी झालास तरी खूप आहे.' रागाने नाही म्हणाले हो. मायेनेच म्हणाले. उगाच मोठी स्वप्नं बघून तोंडावर आपटू नये म्हणून. तो मान डोलावून गेला.

अशा गोष्टींचा शेवट सहसा असा असतो की मुलगा जिद्दीने पेटतो, मोठा साहेब होतो आणि पेढे घेऊन येतो. तसं काही झालं नाही. त्याने माझं ऐकलं. दहावी झाला, पस्तीस-चाळीस टक्क्यांनी, आणि शिक्षण थांबवलं. पुढे त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, संसार नीट केला. बऱ्याच वर्षांनी बाजारात भेटला, भर रस्त्यात वाकून नमस्कार केला आणि बायकोला कौतुकाने म्हणाला, 'या आमच्या बाई. बाई, तुम्ही म्हणाला होतात ना, झालो हं मी दहावी.'

मी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दुसरं काय करणार?

त्या डॉक्टरांनाही दोष देववत नाही. समोर जे दिसत होतं त्यावरून ते बोलले. काझोर्लानेही कुणाशी भांडण काढलं नाही. तो सालामांकाला जाऊन राहिला, बायकामुलांपासून दूर, आणि महिनोन् महिने पाय जमिनीवर टेकवायला शिकला. आर्सेनलचा करार २०१८ मध्ये संपला. त्या उन्हाळ्यात जुन्या व्हियारेआलने सरावाला बोलावलं, आधी कराराशिवाय, बघू जमतंय का म्हणून. जमलं! मग त्याला लोकांसमोर आणलं तेही कसं, मैदानात एक जादूगार उभा केला, काचेच्या रिकाम्या नळकांड्यात धूर सोडला आणि धुरातून काझोर्ला बाहेर! मला हे जरा जास्तच वाटलं, पण नातवाच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, त्यामुळे अर्थातच डोळ्यात कचरा गेला होता.

जानेवारी २०१९ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्याने दोन गोल केले, त्यातला दुसरा डोक्याने. साडेपाच फुटी माणसाने! त्याच वर्षी देशाच्या संघातूनही बोलावणं आलं, जवळजवळ चार वर्षांनी. मग २०२० मध्ये कतारच्या अल साद क्लबकडे गेला. तिथे पैसा चांगला मिळाला असणार, ते कशाला लपवायचं.

आणि आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, हा रेआल ओविएदोला परत गेला. संघ दुसऱ्या श्रेणीत होता. मधल्या काळात क्लब पुन्हा एकदा मरता मरता वाचला होता. २०१२ मध्ये जेमतेम पावणेअकरा युरोंचे शेअर विकून जगभरच्या लोकांनी तो तगवला, आणि शेअर घेणाऱ्यांत आर्सेनलमध्ये खेळणारा काझोर्लाही होता. आता तो फुकट खेळायला तयार होता, पण नियमात बसेना, म्हणून नियमाने द्यावाच लागतो तेवढा किमान पगार घेतला. (तो किमान पगारही आमच्या पेन्शनच्या कितीतरी पट आहे, उगाच डोळे पुसू नका.) शिवाय त्याच्या नावाच्या शर्टांच्या विक्रीतले दहा टक्के क्लबच्या मुलांच्या संघांना द्यायचे असं त्याने ठरवून घेतलं. मला हे फार आवडलं. जिथे आपण शिकलो तिथल्या पोरांच्या नावाने.

पहिल्या वर्षी, जून २०२४ मध्ये, वरच्या श्रेणीत जायची संधी अगदी शेवटच्या सामन्यात हुकली, एस्पान्योलकडून हरून. मला वाटलं, झालं, आता थांबेल. एकोणचाळीस म्हणजे त्यांच्या धंद्यात आमच्यासारखंच निवृत्तीचं वय. पण नाही थांबला.

२१ जून २०२५. समोर मिरांदेस. पहिला सामना ओविएदो ०-१ ने हरलेलं, आणि आता घरच्या कार्लोस तार्तिएरे मैदानावरही आधी गोल खाल्ला तो यांनीच. एकूण दोन गोलांनी मागे. (२०१४ ची ती रात्र आठवली ना?) मग ३९ व्या मिनिटाला ओविएदोला पेनल्टी मिळाली. चेंडू घेऊन पुढे आला तो चाळीस वर्षांचा काझोर्ला. त्याने गोल केला, पुढे आणखी एक झाला, आणि जादा वेळेत तिसरा. ओविएदो चोवीस वर्षांनी स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत परत आलं.

नातू आता नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन केला आणि व्हिडिओ पाठवले. मी चष्मा लावून ती पेनल्टी चार वेळा बघितली. तो चेंडू ठेवतो, मागे सरकतो, दम घेतो. नातू फोनवर विचारत होता, 'आजी, कसला मारला ना?' खरं सांगायचं तर चेंडूकडे माझं लक्षच नव्हतं. मी त्याचा उजवा घोटा शोधत होते, मुलीच्या नावाचं ते अर्धं अक्षर कुठे दिसतंय का म्हणून. पण त्यावर मोजा होता.