नोकरी कोणी सोडायची?

माझी लेक शिवणकामाच्या कारखान्यात जाते. गेल्या वर्षी एका रात्री ती न जेवताच झोपली. खोदून विचारलं तेव्हा रडली. सुपरवायझर अंगचटीला येत होता. मी म्हणाले, "सोड ती नोकरी." ती म्हणाली, "आई, चूक त्याची नि नोकरी मी सोडायची?" मी निरुत्तर झाले.

वस्तीतल्या वकीलताईंकडे गेलो. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. राजस्थानात सरकारी योजनेत काम करणाऱ्या भंवरीदेवी बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळासाठी तेव्हा वेगळा कायदाच नव्हता. पण स्त्रियांबाबतचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १९९३ साली मान्य केला होता. असा करार आपोआप कायदा होत नाही. मात्र त्याचा आदर राखा, असं घटनेचं कलम ५१ सांगतं. कोर्टाने समतेचा, सन्मानाने जगण्याचा हक्क त्या कराराच्या उजेडात वाचला आणि १९९७ साली 'विशाखा' निकालात नियम घालून दिले. २०१३ साली संसदेने कायदा केला.

लेकीने लेखी तक्रार दिली. कारखान्यात समितीच नव्हती. ती नेमावी लागली. चौकशी झाली, सुपरवायझरला दुसऱ्या खात्यात हलवलं. बायका अजून कुजबुजतात. लेक मात्र रोज डबा घेऊन निघते.

भगिनींनो, दहा माणसं कामाला असतील तिथे समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्या. आणि लेकीला माझ्यासारखं "सोड नोकरी" म्हणू नका.