आवाज कमी कर

दिवाळीला हैदराबादहून आलेल्या लेकाने माळ्यावरून जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट काढली. मारिओ! आदिलाबादच्या उन्हाळ्यात दुपारभर ती टुणटुण ऐकून माझं डोकं उठायचं. आता तो त्यातलं संगीत कॉम्प्युटरवर वेगळं काढत बसला.

"आई, यात रेकॉर्डिंग नाहीच. 1985चा गेम, अख्खा 40 किलोबाइटचा. कोजी कोंडो या जपानी माणसाने सूर लिहिलेत, चिप ते दर वेळी नव्याने वाजवते."

म्हणजे माझ्या पेटीच्या नोटेशनची वहीच की! एकेक आवाज बंद करून त्याने दाखवलं. तालासाठी तर नुसती खरखर.

नाणं वाजलं आणि मी सवयीने ओरडले, "आवाज कमी कर, आजी झोपल्यात."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्याने मुकाट्याने आवाज कमी केला.