कढई घ्यावी तेलाकडे बघून

दसरा झाला की फराळाच्या ऑर्डरी नोंदवायला येणाऱ्या मुली-सुना जाता जाता विचारतात, "काकू, घरी तळायला कुठली कढई घेऊ? फार महागातली नको." मी त्यांना उलट विचारते, "महिन्याला तेल किती आणतेस?"

चांगली कढई एकदा घेतली की वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. तेल मात्र दर महिन्याला आणावं लागतं. म्हणून माझ्या लेखी स्वस्त कढई तीच, जी कमी तेलात नीट तळून देते आणि ते तेल लवकर खराब होऊ देत नाही. दुकानात चिकटवलेल्या किमतीत हा हिशेब दिसत नाही.

आधी आकार बघावा. पुरी फुगायला आणि चकली मोकळी तरंगायला मधोमध ५ सेंटिमीटर तरी तेल हवं. तेलाचं तोंड २० सेंटिमीटर रुंद धरलं, तर सरळ उभ्या पातेल्यात त्यासाठी दीड लिटरहून जास्त तेल ओतावं लागतं. गोल बुडाच्या कढईत तेच काम साधारण ८५० मिलिलिटरमध्ये होतं. मध्ये खोल आणि कडेला उथळ, असं तेल तळणाऱ्याला सोयीचंच पडतं. कच्ची चकली मध्ये सोडायची, अंग धरलं की कडेला सरकवायची, मध्ये दुसरी सोडायची. झारा त्या गोलाईतून फिरतो आणि तळाशी बसलेला चुरा उचलून आणतो. तो चुरा राहिला की जळतो, आणि पुढचा प्रत्येक घाणा काळवंडत जातो. माझं ऐकाल तर कढई घ्यायला जाताना घरचा झारा पिशवीत टाकून न्या आणि दुकानातच कढईत फिरवून बघा.

दुसरी गोष्ट वजन, आणि खरी मेख इथेच आहे. चकली १७०-१८० अंशांच्या तेलात पडते तेव्हा तिच्यातल्या पाण्याची वाफ होते; आपल्याला दिसतात ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ. या वाफेपायी तेलातली उष्णता झपाट्यानं खर्च होते. पातळ पत्र्याच्या कढईपाशी त्या वेळी शिलकीत काही नसतं. तेल एकदम निवतं, बुडबुडे मंदावतात, चकली मऊ पडून तेल पिते. मग आपण गॅस मोठा करतो आणि घाणा निघेपर्यंत तेल भलतंच तापलेलं असतं. पुढची चकली वरून लाल होते, आत कच्ची राहते. पिठाला आणि मोहनाला आपण उगाच दोष देत बसतो. दोन किलोच्या लोखंडी कढईत मात्र, तिच्यातल्या त्या ८५० मिलिलिटर तेलात मावते त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त उष्णता साठून असते. घाणा पडला की ती मागून पुरवठा करते. आच एकदा लावली की सारखी कमी-जास्त करावी लागत नाही. करंजीला आणि अनारशाला तर हे फारच मोलाचं, कारण त्यांना मंद आच लागते आणि ती तशीच टिकावी लागते.

म्हणून मी लोखंडी कढई घ्यायला सांगते. तिच्यात दोन जाती आहेत. बिडाची कढई ओतीव, जाड आणि उष्णता धरून ठेवणारी. पण हातून पडली किंवा तापलेली असताना तिच्यावर गार पाणी ओतलं तर तडकते. जाड पत्र्याची ठोकीव कढई तिच्याहून हलकी, दणकट आणि बहुधा स्वस्तही. दिवाळीच्या फराळाला जेवढं तेल लागतं, साधारण तेवढ्याच पैशांत ती येते. पुण्यात तुळशीबागेच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत मिळते, आठवडी बाजारातही मिळते. घेताना कडेची जाडी बोटांत धरून बघावी, कान पक्के आहेत का ते बघावं, आणि गॅसच्या शेगडीवर ठेवून ती डुगडुगत नाही ना हे पाहावं. चौघांच्या घराला तोंडाशी २६ सेंटिमीटर पुरते. पाहुण्यांच्या हिशेबानं मोठी घेतली की रोजच्या पापडालाही जास्तीचं तेल ओतलं जातं. तेल निम्म्याच्या वर भरायचं नाही, हे धरूनच माप ठरवावं.

जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कढई याहूनही स्वस्त, आणि जाड मिळाली तर मी तिला नाव ठेवणार नाही. ती लवकर आणि सगळीकडे सारखी तापते. पण सारख्या जाडीच्या लोखंडात तिच्या सुमारे दीडपट उष्णता मावते, आणि बाजारात पातळच जास्त दिसतात. स्टीलची एकेरी पातळ कढई तळणीला घेऊ नये. स्टीलमधून उष्णता पसरत नाही, ज्वाळेच्या वर तेवढं तेल जळतं. नॉनस्टिकचा तर विचारही नको. तो थर २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो, आणि झाऱ्याचे ओरखडे पडतात ते वेगळेच.

आजीची पितळी कढई घरात असेल तर ती वापरायला कुणालाही आवडेल, मलाही आवडते. पण कल्हई शाबूत असेल तरच. उघड्या पितळेतलं तांबं तेलाला फार लवकर खवट करतं. आणि कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून अशी कढई रिकामी तापत ठेवायची नाही. आधी तेल घालायचं, मग गॅस पेटवायचा.

तेल खवट करण्याचा हा दोष लोखंडातही आहे, तांब्याहून कमी, पण आहे. त्यावर उपाय सोपा आहे. तळण संपलं, तेल कोमट झालं, की ते गाळून स्टीलच्या डब्यात काढायचं. रात्रभर कढईत ठेवायचं नाही. कढई मुरली की हा त्रास आणखी कमी होतो. नवी कढई घासून धुवावी, कोरडी करावी, आतून तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावी, निवली की पुन्हा तेच. तीन-चार वेळा केलं की काळा गुळगुळीत थर धरतो. त्यानंतर तिच्यात आमटी, चिंच, टोमॅटो असलं आंबट काही शिजवू नये. तो थर निघून जातो.

परदेशी गेलेल्या मुलींचा प्रश्न वेगळा. तिथल्या सपाट काचेच्या शेगडीवर गोल बूड टेकत नाही. मध्ये ठिपक्याएवढी जागा तापते आणि कढई हलते, ते धोक्याचं आहे. इथल्या इंडक्शनवरही तसंच. त्यांनी जड बुडाचं, सपाट, पण तोंडाला अरुंद आणि उंच भांडं घ्यावं. १६ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात लिटरभर तेल ५ सेंटिमीटर चढतं. एका वेळी दोनच चकल्या मावतील, वेळ जास्त लागेल, पण तेल वाचेल. त्या भांड्यावर घट्ट बसणारं झाकण मात्र सोबतच घ्यावं आणि तळताना हाताशी ठेवावं. तेलानं पेट घेतला तर शेगडी बंद करून तेच वरून सरकवायचं. पाणी अजिबात टाकायचं नाही.