पाटीवरचा 'डॉ.'

चूक माझीही आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

२०२१ साली पारोळा तालुक्यातल्या एका गुरांच्या शिबिराची बातमी मी लावली. तिच्यात एकाच्या नावाआधी 'डॉ.' लिहिलं. प्रेसनोटमध्ये तसंच होतं, त्याच्या दवाखान्याच्या पाटीवरही तसंच. मी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी लम्पी आला. त्या साथीतली राज्यातली पहिली नोंद आपल्याच जळगाव जिल्ह्यातली, ४ ऑगस्ट २०२२, रावेर तालुक्यातलं चिनावल. आठवत असेल, गुरांचे बाजार बंद पडले होते. माझ्या चुलतभावाची, दादाची, गाय तापली, अंगावर गाठी आल्या. त्याने याच माणसाला बोलावलं. तीन दिवस इंजेक्शनं, सलाईन. चौथ्या दिवशी गाय गेली. खड्डा खणून पुरली.

नंतर सरकारने मदत जाहीर केली. दुधाळ जनावराला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५, वासराला १६. दादा त्या 'डॉक्टर'च्या लेटरहेडवरचा दाखला घेऊन गेला. चालला नाही. पंचनामा नाही, नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही नाही. घरी येऊन मला म्हणाला, "तूच तं लिखं व्हतं ना भो पेपरमा, डॉक्टर म्हनीसन!"

यावर काय बोलणार?

मग कायदा वाचला. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४. त्यातलं कलम ३० बघा. मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेत नोंदणी, दोन्ही असतील तरच गुरांवर उपचाराचा व्यवसाय करता येतो, आरोग्याच्या दाखल्यावर सही करता येते, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येते. म्हणजे दादाचा कागद लिहिला गेला तेव्हाच रद्दी होता. नोंदणी नसताना ती आहे असं भासवणं हाही गुन्हाच. आणि गुरांची औषधं विकायचं लायसन्स म्हणजे दवाखान्याचा परवाना नव्हे. आपल्याकडे काउंटर एकच असतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पदविकावाल्यांचं काय? कायद्याने त्यांना जागा ठेवली आहे. राज्य सरकारच्या परवानगीने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, असं. रात्री दोनला गाय अडली तर गावात पोचतो तो बहुतेक हाच माणूस, हे मी नाकारत नाही. त्याला सरसकट बोगस म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा खेड्यात काढावा. आणि सरकार तरी काय करतं? श्रेणी-२ च्या दवाखान्यावर पाटी 'पशुवैद्यकीय दवाखाना' अशीच, आत वर्षानुवर्षं पशुधन पर्यवेक्षक. देखरेख करणारा अधिकारी तालुक्याला. शेतकऱ्याने फरक ओळखायचा कशावरून?

(माझ्याकडेही पत्रकारितेचा डिप्लोमाच आहे. गाडीवर 'प्रेस' लिहायला तोही लागत नाही, ते सोडा. पण माझ्या चुकीने कुणाची गाय मरत नाही, असं वाटायचं.)

तर आता एवढं करा. दवाखान्यात, गोठ्यात, कुणीही आला तरी विचारा: राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक किती? ही परिषद नागपूरला आहे. खरा डॉक्टर रागावत नाही, सांगतो. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ ला फोन लावा. गुरू दगावलं तर पुरण्याआधी सरकारी दवाखान्यात कळवा, घाई करू नका. विम्यालाही तोच कागद लागतो.

गेल्या महिन्यात दादाने धुळ्याच्या बाजारातून नवी गाय आणली. विम्याच्या तपासणीला डॉक्टर आले, कानात बिल्ला मारला. दादाने त्यांना नंबर विचारला आणि गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

जुनी पाटी मात्र अजून तिथेच आहे. २०२१ च्या त्या बातमीची दुरुस्ती मी कधी छापली नाही. ती आज इथे करतोय.