लोखंडाच्या भावानें

आमच्या घरांत एक कोपरा असा आहे कीं, तेथें पाहुण्यांस नेण्याची आमच्या कुटुंबास लाज वाटते. तेथें एका फळीवर सोळा पटाश्या, सात रंधे, दोन वाकस, एक सामता, गिरमिटें, कानशी आणि ज्यांचीं नांवें आम्हांसही अद्याप नीट ठाऊक नाहींत अशीं तीनचार हत्यारें ओळीनें मांडलेलीं आहेत. आमचा धंदा सुताराचा नाहीं. उभ्या आयुष्यांत आमच्या हातून लांकडाची एकच वस्तु सिद्ध झाली. ती म्हणजे एक चौरंग, आणि तो आजतागायत तीनच पायांवर उभा राहत आला आहे. असें असतांना दुसऱ्यांचीं झिजलेलीं हत्यारें गोळा करण्याचा हा नाद आम्हांस कसा लागला, असें विचारणारांस आम्ही दर वेळीं निराळें उत्तर देतों. कारण खरें उत्तर आम्हांसही सांपडलेलें नाहीं.

आम्ही राहतों तें केडगांव नगरचें. दौंडाजवळ दुसरें एक केडगांव आहे, जेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. आमच्या नांवाचीं दोनतीन पत्रें तिकडे जाऊन आलेलीं असल्यामुळें हा खुलासा आधींच करून ठेवतों. आमचें केडगांव रेणुकादेवीचें. पूर्वीं तें पुण्याच्या रस्त्यावरील एक स्वतंत्र खेडें होतें, आतां तें शहराच्या महानगरपालिकेंत आहे. आणि खुद्द शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें असलें, तरी आमच्या पिढीच्या जिभेवरून ‘नगर’ अजून खालीं उतरत नाहीं. या रस्त्याच्या कडेस पत्र्याच्या आडोशांत भंगाराचीं दुकानें आहेत. रविवारीं सकाळीं भाविक लोक देवीच्या दर्शनास जातात, तेव्हां आम्ही या आडोशांत शिरतों.

येथें लोखंड चोहोंकडून येतें. खेड्यांतून मोडके नांगर व बैलगाड्यांच्या धावा येतात. कारखान्यांतून बोथटलेल्या कानशी येतात. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला व जी. आय. पी. कंपनीनें तो पुष्कळ वर्षें चालविला. त्यामुळें एखाद्या घणाच्या डोक्यावर तीं तीन अक्षरें अवचित हातास लागतात. लष्कराची वस्ती तर इंग्रजी अमदानीपासूनची. सरकारी मालावर ठोकीत तो तीन रेघांचा बाण एखाद्या पान्यावर अजून दिसतो. हा माल राजाचा आहे, असा त्या बाणाचा अर्थ. राजा गेला, पाना राहिला, आणि तो आतां इतर लोखंडाबरोबर किलोच्या भावानें जातो. काट्यापुढें मोडकें फाटक आणि शेफील्डची पटाशी यांत भेद नाहीं.

तो भेद आम्ही जाणतों, हीच आमची सारी मिजास. पटाशीच्या पात्यावर गंजाखालीं ‘कास्ट स्टील’ हीं अक्षरें निघालीं, कीं नवशिका तिला बिडाची समजून टाकून देतो. वस्तुतः तीं अक्षरें म्हणजे तिचें कुळ. घड्याळांच्या कमानींसाठीं एकजीव पोलाद हवें म्हणून बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें शेफील्डजवळ १७४० च्या सुमारास मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली. त्या रीतीच्या पोलादावर पुढें हा शिक्का पडूं लागला. (मुशींतलें पोलाद आपल्या दक्षिणेंत त्याच्या कित्येक शतकें आधीं होत होतें, आणि १८१९ सालीं मायकेल फॅरडेनें त्याचें पृथक्करण करून पाहिलें होतें, हेंही आम्ही संधि मिळतांच सांगतों.) अशा जुन्या पटाशीचें सबंध पातें पुष्कळदां पोलादाचें नसतें, मऊ लोखंडाच्या पाठीस पोलादाचा एक पापुद्रा भट्टींत जोडलेला असतो, व दगडावर घासतां घासतां त्या जोडाची केसासारखी रेघ उमटते. ती रेघ पाहण्यासाठीं आम्हीं कित्येक जेवणें थंड होऊं दिलीं आहेत.

पण या शिकारींत ज्ञानापेक्षां चेहरा महत्त्वाचा. अमेरिकेंत लोक घरासमोरील अंगणांत अडगळ मांडून विकतात, आणि जुन्या हत्यारांच्या व हस्तोद्योगांच्या अभ्यासकांनीं तेथें १९३३ सालींच आपली एक संस्था काढली. तिकडील ग्राहक हत्यार उचलून त्याचें खुशाल कौतुक करीत असेल. आमच्याकडे कौतुक केलें कीं भाव चढला. म्हणून आम्ही प्रथम एखादी निरुपयोगी सांखळी उचलतों, तिची घासाघीस करतों, ती नाकारतों, आणि जातां जातां सहज आठवल्यासारखें करून विचारतों, ‘‘आणि हा ठोकळा?’’ तो ठोकळा म्हणजे शिसवी रंधा असतो. लिलावांतील आमचें वर्तन याहून वाईट. एका बंद पडलेल्या कारखान्याचा माल ढिगांनीं विकावयाचा होता. आदल्या दिवशीं पाहणीच्या वेळीं आम्हीं एक उत्तम लोखंडी रंधा गंजक्या बोल्टांच्या ढिगांत स्वहस्तें पुरून ठेवला, व दुसऱ्या दिवशीं तो ढीग कोणी विचारीना तेव्हां मोठ्या उदार मनानें पदरांत घेतला. ही हकीकत आम्ही मित्रमंडळींत विनोद म्हणून सांगत असूं. एका श्रावणापासून सांगत नाहीं.

त्या श्रावणांत आम्ही नेहमींच्या दुकानांत उभे असतां एक म्हातारी बाई रिक्षांतून लांकडी पेटी घेऊन उतरली. दुकानदारानें पेटी उपडी केली, लोखंड काट्यावर घातलें आणि लांकूड बाजूस लोटलें. ‘‘लाकडाचं काय मिळत नाय, मावशी,’’ असें तो म्हणाला. लोखंड साडेअकरा किलो भरलें. तीस रुपयांच्या भावानें तिला तीनशें पंचेचाळीस रुपये मिळाले. बाजूस लोटलेल्या लांकडांत हातभर लांबीचा एक शिसवी रंधा होता. आम्ही सांखळी वगैरे कांहीं उचलली नाहीं. तितका धीर नव्हता. दुकानदाराच्या हातावर पांचशेंची नोट ठेवली आणि लांकडासकट सारें उचललें. बाई पदरांत पैसे बांधीत तेथेंच उभी होती. आमच्याकडे पाहून ती म्हणाली, ‘‘दादा, त्यो लांब रंधा उन्हात ठिवूं नगा. उकलतो.’’

त्या वेळीं तरी आम्हीं कांहीं बोलावयास हवें होतें. आम्हीं फक्त मान डोलाविली.

घरीं आणून आठवडाभर आम्ही चिंचेचें पाणी, रॉकेल आणि तारेचा ब्रश यांतच होतों. लोखंडी रंधा स्टॅन्लेचा निघाला; पातें वरखालीं करण्यास त्यास स्क्रू असतो, ती लेनर्ड बेलीची १८६७ ची युक्ति. लांब रंध्याचें पातें शेफील्डच्या मार्पल्सचें होतें, आणि त्याच्या टोकास मालकाचीं आद्याक्षरें व १९५२ हें साल खिळ्यानें ठोकलेलें होतें. त्याचा काळा मळ काढून आम्हीं त्यावर व्हार्निशचे दोन हात दिले. तो इतका सुंदर दिसूं लागला कीं आम्हीं कुटुंबास मुद्दाम बोलावून दाखविला. तिनें विचारलें, ‘‘किती पडले?’’ आम्हीं मोठ्या अभिमानानें आंकडा सांगितला, आणि खरी किंमत याच्या दहापट तरी असेल असेंही सांगितलें. त्यावर ती म्हणाली, ‘‘आणि तिला किती मिळाले?’’

भाद्रपदांत दुकानदारानें सांगितलें कीं बाईचा मुलगा चौकशीस येऊन गेला. तो चाकणला कामास होता. घर गळूं लागलें म्हणून पत्र्यासाठीं आईनें पेटी विकली, व तो परत आल्यावर त्यास कळलें. तो भांडला नाहीं, फक्त नांव-पत्ता ठेवून गेला. तो कागद आम्हीं खिशांत घातला आणि पुढें किती दिवस तसाच बाळगला, हें सांगण्यास संकोच वाटतो. व्यवहार उघडपणें झाला होता. काट्यांत खोट नव्हती. आम्ही घेतला नसता तर तो रंधा चुलींत गेला असता. हे सर्व मुद्दे बिनतोड आहेत, आणि रोज सकाळीं ते आम्ही स्वतःशीं नव्यानें मांडीत होतों, यावरूनच त्यांची पत काय ती कळावी.

अखेर खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं आम्ही पेटी घेऊन गेलों. घराच्या एका बाजूस नवा पत्रा होता. मुलगा तिशीच्या आंतबाहेरचा. त्यानें स्टॅन्लेकडे पाहिलेंही नाहीं. लांब रंधा हातांत घेतला, एक डोळा मिटून त्याचा तळ पाहिला, मग अंगठा मागच्या खोबणींत ठेवला आणि विचारलें, ‘‘काका, याला व्हार्निश कोणी लावलं?’’

आम्हीं लावलें म्हणून सांगितलें.

‘‘हात घसरतो,’’ तो म्हणाला. मग फुटक्या काचेचा तुकडा घेऊन तो तेथेंच तें व्हार्निश खरवडूं लागला. आमचे दोन हात आणि चार दिवसांची मेहनत भुकटी होऊन त्याच्या मांडीवर पडत होती. पाचरीवर दोन हलके टोले देऊन त्यानें पातें बसविलें व एका फळीच्या कडेवरून रंधा ओढला. फळीच्या लांबीएवढी, कागदासारखी पातळ साल वर गुंडाळून आली. इतके आठवडे तो रंधा आमच्याकडे होता, आणि आम्हीं त्याची जोडरेघ भिंगांतून पाहिली होती.

आतां तो एका फर्निचरच्या कारखान्यांत यंत्रावर प्लायवूड कापण्यास जातो. यंत्र असतांना याची गरज काय, असें आम्हीं विचारलें. ‘‘मशीन लोकांच्या दारात नेता येत नाही, काका. पावसाळ्यात दारं फुगतात. रविवारी तीच कामं असतात.’’ तो सहज बोलला, परंतु पावसाळा संपत आला होता. भाद्रपदांत तो कागद आमच्या खिशांत असतां केडगांवांत किती दारें फुगलीं असतील याचा हिशेब आम्हीं तेथें बसल्या बसल्या केला व अर्ध्यावर सोडून दिला.

त्यानें पांचशें रुपये पुढें केले. आम्ही नको म्हणालों. ‘‘घ्या. तुम्ही विकत घेतलं होतं,’’ असें म्हणून त्यानें ते आमच्या खिशांतच घातले. म्हातारी एकेक हत्यार पेटींत ठेवीत बोटांवर मोजीत होती. शेवटीं ती थांबली. ‘‘एक बारकी पटाशी हुती. पाव इंची. तिला बाभळीची मूठ त्यांनीच बशिवली हुती.’’

‘‘मावशी, ती दुकानांतच राहिली असेल,’’ आम्ही म्हणालों.

वर आम्हीं सोळा पटाश्या म्हटल्या आहेत. सतरावी मेजाच्या खणांत आहे. तिची धार फार चांगली लागते.