मोडलेलें रिंगण

बुरोंडीस आमच्या अंगणांत गणपतीच्या दिवसांत जाखडी होई. मध्यें मृदंगवाला व गवई बसत आणि पायांत चाळ बांधलेले गडी त्यांच्याभोंवतीं फेर धरीत. पुढें कॉलेजांत शिकतांना, हा 'बाल्या नाच' आपल्या गांवचा, असें मीं कोणास कधीं सांगितलें नाहीं. इंग्रजी काव्याच्या अभ्यासकास तें शोभेल काय, हा माझा तेव्हांचा हिशेब!

परवां मुंबईच्या एका नाट्यगृहांत तिकीट काढून तीच जाखडी पाहिली. प्रेक्षकांकडे पाठ नको म्हणून रिंगण मोडून सारे ओळीनें उभे होते. मला चुटपुट लागली. मग रोमानी वादक आठवले. त्यांच्या पूर्वजांनीं हिंदुस्थान सोडून हजारएक वर्षें झालीं. हंगेरींत ते तेथल्या रुचीचें वाजवीत आले, स्पेनमध्यें निराळें. पण त्यांच्या बोलींत पाणी अजून 'पानी'च आहे आणि कानही 'कान'च.

खेळ संपल्यावर आंत जाऊन मृदंगवाल्यास म्हटलें, "मी बुरोंडीचा."

"मग गणपतीत कधी दिसला नाहीत ते?"

घर बंद असतें, असें कांहींसें मीं पुटपुटलों.