मशीनवर शून्य, रस्त्यावर थरथर

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जायच्या आधी चांदूर रेल्वेत स्टेअरिंग थरथरण्याची तक्रार क्वचितच यायची. गाड्या निर्दोष होत्या अशातला भाग नाही. पोहऱ्याच्या जंगलातून अमरावतीला जायचं तर वळणं, बैलगाड्या, मधेच आडवी येणारी गुरं. काटा सत्तरच्या पुढे टिकतच नसे. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, मोटारींना ताशी 120 ची मुभा मिळाली आणि चाकांतले झाकलेले दोष उघडे पडले. "भाऊ, नव्वदच्या वर गेली का इस्टेरिंग हालून राह्यलं," हे आता नेहमीचंच झालंय.

त्यातल्या बऱ्याच गाड्यांना नुकतीच मॅगव्हील बसवलेली असतात. बॅलन्सिंग झालेलं असतं, कधी दोनदाही. मशीनने आतबाहेर दोन्हीकडे शून्य दाखवलेलं असतं. तरी हाताला झिणझिण्या. मालक वैतागलेला असतो, आणि नवे टायरच खराब निघाले असं त्याला कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं.

मी पाना नंतर उचलतो, आधी विचारतो. किती वेगाला सुरू होतं? नव्वदला येऊन एकशेदहाच्या पुढे कमी होतं का? थरथर हातात आहे की सीटखाली? हातात असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर आधी ब्रेकच्या डिस्क बघायच्या. चाळिसालाच गाडी डोलत असेल तर वाकलेली रिम किंवा आतून फुगलेला टायर शोधायचा. एवढ्या प्रश्नांत अर्धं काम होतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं हा नुसता गप्पा मारून राह्यला.

पावसाळ्यात मात्र आधी चाकाच्या मागे हात घालून बघतो. आपली काळी माती रिमच्या आतल्या कडेला बसते आणि वाळली की सिमेंटसारखी धरते. 15 इंची चाकाच्या कडेला 30 ग्रॅम माती चिकटली, तर शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा फेऱ्या घेतं आणि ती माती साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढते. पन्नासला तोच जोर चौथाईवर येतो, म्हणून गावात काही कळत नाही. वावरातून थेट समृद्धीवर चढलेली गाडी कितीदा तरी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सुधारते. त्याचे पैसे मागायला जीव होत नाही.

माती नसेल तर चाक उतरवून मधलं भोक मोजतो. खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांच्या हबचा मधला उंचवटा 54.1 मिलिमीटरचा असतो आणि कंपनीचं चाक त्यावर नेमकं बसतं. बाजारातलं मॅगव्हील अनेक गाड्यांना चालावं म्हणून त्याचं भोक मोठं ठेवतात, 67.1 किंवा 73.1. नटांची भोकं जुळतात, चाक बसतं, दिसतंही झकास. पण मधे चारी बाजूंनी साडेसहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मोकळी जागा राहते. मग चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांच्या निमुळत्या तोंडाकडे येतं.

बॅलन्सिंग मशीन चाकाला मधल्या भोकात शंकू घालून धरतं. तिथे चाक अगदी मध्यावर फिरतं आणि शून्य दाखवतं, ते खोटं नसतं. गाडीवर तेच चाक नटांच्या भरवशावर असतं. गाडी जमिनीवर टेकलेली असताना एअर गनने एका बाजूचा नट आधी गच्च आवळला, की चाक अर्धा मिलिमीटर सरकून तिथेच अडकतं. टायरसकट सोळा किलोचं चाक अर्धा मिलिमीटर सरकलं, म्हणजे कडेला चाळीस ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखंच. मग मशीनवर दहा वेळा शून्य आणा, काय उपयोग?

उपाय साधा आहे. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा, मोकळ्या जागेत मापाची रिंग बसवायची, चाक हवेत असतानाच नट हाताने समोरासमोर फिरवत आणायचे आणि शेवटचा आवळा टॉर्क पान्याने द्यायचा. रिंग मिळाली नाही तर लेथवर अॅल्युमिनियमची करून घेतो. प्लास्टिकची चालेल का, असं लोक भीतभीत विचारतात. चालते. गाडीचं वजन रिंग पेलत नाही, ती फक्त नट धरेपर्यंत चाक मध्यावर ठेवते. नटांचं तोंड मात्र तपासायलाच हवं. फोक्सवॅगनच्या बोल्टला गोल बैठक असते, बाजारातल्या मॅगव्हीलला बहुधा तिरपी; तेच बोल्ट परत वापरले तर थरथरीच्या पलीकडचा धोका आहे, चाक सैल होऊ शकतं. तिथे मी बोल्ट बदलल्याशिवाय गाडी सोडत नाही.

एवढं करूनही थोडी थरथर उरली, तर पुढची चाकं मागे टाकून गाडी पळवून बघतो. थरथर सीटखाली गेली तर दोष चाकात. हातातच राहिली तर टाय रॉड एंड नाहीतर लोअर आर्मचे बुश. इथे गिऱ्हाईक हमखास अडतं: "जुन्या चाकावर तं हालत नव्हती!" त्याचं खरं असतं. कंपनीच्या हबवर नेमक्या बसणाऱ्या चाकाने तो झिजलेला सांधा कधी हलवलाच नव्हता. मी गाडी जॅकवर घेतो, त्याला बोलावतो, नऊ आणि तीनच्या जागी दोन्ही हातांनी चाक धरायला लावतो आणि हालवायला सांगतो. टक्-टक् त्याच्याच हाताला लागते. मग सांध्यावरून वाद होत नाही, तो किमतीवर येतो.